निवही सागरी अपृष्ठवंशी प्राण्यांतील प्रजनन व संततिसंगोपन : पालक नेमका कोण?

गोषवारा : संततिसंगोपन हा विषय पाठ्यपुस्तकांत बहुधा पृष्ठवंशी प्राण्यांच्या संदर्भात येतो. समुद्रतळाला चिकटून निवहाने राहणाऱ्या अपृष्ठवंशी प्राण्यांतही संगोपनाच्या विकसित पद्धती आढळतात. मात्र तेथे 'पालक' या शब्दाचा अर्थच बदलतो. प्रस्तुत लेखात प्रवाळ, ब्रायोझोआ व ॲसिडियन या गटांतील निवडक उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : निवह, जीवक, मुकुलन, भ्रूणकोष्ठ, बहुभ्रूणता, संततिसंगोपन.

प्रस्तावना

संततिसंगोपन म्हटले की सुगरणीचा खोपा, कांगारूच्या पोटावरची पिशवी किंवा अंडी स्वतःच्या पिशवीत वागवणारा नर समुद्रघोडा ही चित्रे डोळ्यांपुढे येतात. माशांतील आणि उभयचरांतील संततिसंगोपन हा तर प्राणिशास्त्राच्या पदवी परीक्षेतील हमखास प्रश्न होय. अपृष्ठवंशी प्राण्यांची प्रकरणे शिकवताना मात्र हा विषय क्वचितच निघतो. ओबेलियाचे पिढ्यांतरण फळ्यावर काढून होते, प्रवाळांच्या खडकांचे प्रकार सांगून होतात, आणि या प्राण्यांनी अंडी व शुक्राणू पाण्यात सोडले की त्यांचे कर्तव्य संपले, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात नकळत रुजतो.

हा समज अपुरा आहे. समुद्रात निवहाने, म्हणजे वसाहत करून, राहणाऱ्या प्राण्यांपैकी अनेक प्राणी आपले भ्रूण शरीरात किंवा शरीराला लागून सांभाळतात. काही त्यांना अन्न पुरवतात, तर काही त्यांच्याबरोबर विषारी द्रव्यांची शिदोरी देतात. यात आश्चर्य वाटावे अशी गोष्ट केवळ संगोपनाचे अस्तित्व ही नाही. ज्या प्राण्यात 'एक व्यक्ती' कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते हेच सांगता येत नाही, तेथे संगोपन कोण करतो, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की संगोपनाची रूढ व्याख्या तोकडी पडते.

निवहाची रचना

लैंगिक प्रजननातून एक डिंभ तयार होतो, काही काळ पोहतो, योग्य पृष्ठभाग मिळताच चिकटतो आणि रूपांतरण होऊन त्याचा पहिला जीवक बनतो. येथवर एकाकी प्राण्यांपेक्षा वेगळे काही नाही. वेगळेपण यापुढे आहे. या जीवकाला मुकुलनाने दुसरा जीवक फुटतो, दुसऱ्याला तिसरा, आणि असे शेकडो किंवा हजारो जीवक एकमेकांपासून अलग न होता ऊतींनी जोडलेले राहतात. जनुकीय दृष्टीने ते सर्व एकच असतात. रचनेच्या दृष्टीने प्रत्येकाला स्वतःचे तोंड, स्वतःचे संस्पर्शक आणि पुष्कळदा स्वतःची जननग्रंथी असते. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजून खोडे झाली की झाड एक की अनेक असा जो संभ्रम पडतो, तसाच हा प्रकार आहे.

जीवकांमध्ये श्रमविभागणी झाली की हा संभ्रम अधिकच वाढतो. शंखात राहणाऱ्या खेकड्याच्या शंखावर वाढणारी हायड्रॅक्टिनिया ही वसाहत याचे सोपे उदाहरण आहे. तिच्यातील काही जीवक अन्न पकडतात, काही संरक्षण करतात, तर काही केवळ प्रजनन करतात. प्रजनन करणाऱ्या जीवकांना कार्यक्षम तोंडच नसते. त्यांच्या अंड्यांत साठणारे प्रत्येक पोषकद्रव्य दुसऱ्या जीवकांनी खाल्लेल्या अन्नातून, सामाईक नलिकांच्या जाळ्यातून आलेले असते. अशा अंड्याची माता कोण? ज्याच्या शरीरात ते वाढले तो जीवक, की ज्यांनी त्याला पोसले ते शेजारी? जनुके एकच असल्यामुळे नैसर्गिक निवडीच्या दृष्टीने या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही, परंतु संगोपनाची प्रत्यक्ष यंत्रणा समजून घेताना तो टाळता येत नाही.

ओबेलियाच्या बाबतीतही थोडे थांबणे उपयुक्त ठरेल. ओबेलियातून छत्रिका सुटून पोहत जातात आणि त्या अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात. म्हणून ती संगोपन न करणाऱ्यांत गणली जाते. पण तिच्याच जवळच्या नात्यातील गोनोथायरिया या प्राण्यात छत्रिका सुटतच नाहीत. त्या निवहाला लटकून राहतात आणि अंड्यांचे डिंभ होईपर्यंत त्यांना आपल्यात ठेवतात. पोहण्यासाठी निर्माण झालेले शरीर येथे पाळण्याचे काम करते. फळ्यावरच्या ओबेलियाशेजारी ही एक आकृती काढली तरी विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन बदलू शकेल.

सोडणारे आणि राखणारे

प्रवाळांमध्ये दोन्ही मार्ग दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वसंत ऋतूच्या उत्तरार्धात पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत अनेक जातींचे प्रवाळ एकाच वेळी अंडी व शुक्राणू यांच्या गोळ्या पाण्यात सोडतात. १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या सामूहिक प्रजननाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि तोपर्यंतची एक समजूत उलटली. प्रवाळ प्रामुख्याने आपले डिंभ शरीरातच वाढवतात, असे त्यापूर्वी बऱ्याच अभ्यासकांना वाटत असे. आज चित्र नेमके उलटे आहे : खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या बहुसंख्य जाती युग्मके पाण्यात सोडतात, तर डिंभ राखणाऱ्या जाती अल्पसंख्य आहेत.

या अल्पसंख्यांत मोठी विविधता आहे. आपल्याकडे दागिन्यांत वापरले जाणारे तांबडे पोवळे, म्हणजे भूमध्य समुद्रातील कोरॅलियम रुब्रम, हे राखणाऱ्यांपैकी आहे. त्याचे नर-निवह व मादी-निवह वेगळे असतात. अंड्याचे फलन मादी-निवहाच्या जीवकांत होते आणि तयार डिंभ उन्हाळ्यात बाहेर पडतात. मंगळासाठी पोवळे धारण करणाऱ्यांना आपल्या बोटावर एका मातेचा किंवा पित्याचा सांगाडा आहे याची कल्पना नसते, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही. त्याच समुद्रातील पॅराम्युरिसिया क्लॅव्हाटा या पंख्यासारख्या प्राण्यात अंडी जीवकातून बाहेर येतात, पण वाहून जात नाहीत. निवहाच्या पृष्ठभागावर श्लेष्मात अडकून त्यांची वाढ होते. हे आत ठेवणेही नव्हे आणि सोडून देणेही नव्हे.

हिंदी व प्रशांत महासागरांत सर्वत्र आढळणाऱ्या पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस या प्रवाळाचे डिंभ चांद्रमासाच्या ठराविक काळात बाहेर पडतात, आणि ते बाहेर पडतानाच मातेकडून मिळालेली सहजीवी शैवले घेऊन निघतात. ही शैवले प्रकाशसंश्लेषण करून डिंभाला अन्न पुरवतात. त्यामुळे असा डिंभ शंभर दिवसांनंतरही चिकटून वाढू शकतो, असे रिचमंड यांनी १९८७ मध्ये दाखवले. राखून वाढवलेली पिले जवळपासच राहतात, या सर्वसाधारण नियमाला हा ठळक अपवाद आहे. त्याहून विलक्षण बाब अशी की, काही ठिकाणी या प्रवाळाने राखलेले डिंभ जनुकीयदृष्ट्या हुबेहूब निवहासारखेच आढळले, म्हणजे ते अलैंगिक रीतीने तयार झालेले होते. डिंभ दिसला म्हणजे लैंगिक प्रजनन झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही.

येथे महाराष्ट्राशी निगडित एक मुद्दा सांगणे अप्रस्तुत होणार नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या बांधकामाच्या संदर्भात हाजीअली व वरळी येथील प्रवाळ निवह २०२० मध्ये दुसरीकडे हलवण्यात आले. अशा स्थलांतरानंतर निवह जगला की नाही हे पाहणे स्वाभाविकच आहे. परंतु प्रवाळांच्या अनेक जातींत निवह एका विशिष्ट आकाराचा झाल्याशिवाय प्रजनन सुरू होत नाही, आणि मोठ्या निवहाचा तुकडा पडला तर त्यातील जीवक वयाने प्रौढ असूनही त्यांचे प्रजनन मंदावते किंवा थांबते. प्रौढत्व हा येथे जीवकाचा नव्हे, तर निवहाचा गुण आहे. साहजिकच, जगलेला निवह आणि प्रजननक्षम निवह यांची मोजदाद वेगळी करावी लागते.

लहान देहाचे गणित

सागरी अपृष्ठवंशी प्राण्यांत लहान आकाराच्या जाती भ्रूण राखतात आणि त्यांच्याच मोठ्या आप्तजाती अंडी पाण्यात सोडतात, असे पुन्हा पुन्हा दिसून येते. रिचर्ड व मेगुमी स्ट्रॅथमन यांनी १९८२ मध्ये या विषयावर लिहिताना जी कारणे तपासली, त्यांतील एक साध्या भूमितीवर आधारलेले आहे. अंडी तयार करण्याची क्षमता शरीराच्या घनफळानुसार वाढते. अंडी सांभाळण्याची जागा मात्र पृष्ठफळाच्या प्रमाणात वाढते. प्राणी दुप्पट लांबीचा झाला तर अंडी आठपट होतील, पण जागा चौपटच होईल. उरलेल्या अंड्यांचे काय? ती एकावर एक रचली तर आतल्यांना प्राणवायू मिळत नाही. म्हणून मोठ्या प्राण्याला अंडी सोडून देणे परवडते, लहान प्राण्याला राखणे.

निवही प्राण्यांनी या गणितातून एक पळवाट काढलेली दिसते. निवह कितीही मोठा झाला तरी त्यातील जीवक लहानच राहतो. ब्रायोझोआचा एक जीवक साधारणपणे एक मिलिमीटरहूनही लहान असतो. तो एका वेळी एक भ्रूण सांभाळतो, आणि निवहात असे हजारो जीवक असू शकतात. प्रत्येक भ्रूणाला स्वतंत्र खोली, स्वतंत्र पाणी, स्वतंत्र प्राणवायू. मोठ्या देहाची उत्पादनशक्ती आणि लहान देहाची राखणक्षमता या दोन्ही गोष्टी एकाच प्राण्याला मिळतात. निवही प्राण्यांत संगोपन इतके सार्वत्रिक का, याचे हे एकमेव स्पष्टीकरण नसले तरी सर्वांत पटणारे आहे.

त्यात फलनाच्या पद्धतीचीही भर पडते. ब्रायोझोआ व निवही ॲसिडियन यांच्यात सामान्यतः शुक्राणू पाण्यात सोडले जातात, अंडी मात्र शरीरातच राहतात. ब्रायोझोआत शुक्राणू संस्पर्शकांच्या टोकांतून बाहेर पडतात आणि दुसऱ्या निवहाच्या, अन्न गाळण्यासाठी पसरलेल्या, संस्पर्शकांवर पकडले जातात. अन्नकण गोळा करण्याचे साधन हेच वर शोधण्याचे साधन ठरते. डिप्लोसोमा लिस्टेरियॅनम या ॲसिडियनमध्ये पाण्यातील अतिविरळ शुक्राणूही अशा प्रकारे गाळून घेतले जातात आणि फलनासाठी काही आठवडे साठवून ठेवता येतात. जागेवरून हलू न शकणाऱ्या प्राण्याला याहून सोयीची व्यवस्था कोणती असणार!

बुग्युला नेरिटिना : पोषण आणि विष

संगोपनाची सर्वांत समृद्ध उदाहरणे ब्रायोझोआ संघात सापडतात. सुमारे सहा हजार जिवंत जातींचा हा संघ अभ्यासक्रमात गौण मानला जातो आणि बहुतेक विद्यार्थ्यांची त्याच्याशी ओळख बुग्युलाच्या एका स्लाइडपुरती राहते. त्या स्लाइडमध्ये पक्ष्याच्या डोक्यासारखा दिसणारा, चोच उघडमीट करणारा रक्षक जीवक दाखवला जातो. डार्विन यांचेही लक्ष या रक्षक जीवकांनी वेधून घेतले होते. पण त्याच शाखांवर मोत्यांसारखे गोल भ्रूणकोष्ठ असतात, ते बहुधा दुर्लक्षित राहतात.

बुग्युला नेरिटिना ही जहाजांच्या तळाला व बंदरांतील खांबांना चिकटून वाढणारी तपकिरी-जांभळी, झुडपासारखी दिसणारी जाती जगभरच्या उष्ण व समशीतोष्ण बंदरांत, भारतीय बंदरांतही, आढळते. गंमत अशी की या जातीत पक्षिमुखी रक्षक जीवक नसतात. तिच्या जीवकात एक लहानसे अंडे पक्व होते आणि अरुंद छिद्रातून भ्रूणकोष्ठात सरकते. यानंतर भ्रूणकोष्ठाला लागून असलेल्या मातृऊतीचा थर जाड होतो आणि त्यातून भ्रूणाला अन्न मिळू लागते. बाहेर पडेपर्यंत भ्रूणाचे घनफळ मूळ अंड्याच्या सुमारे ५०० पट झालेले असते. वूलॅकॉट आणि झिमर यांनी १९७० च्या दशकात या रचनेचे सूक्ष्म वर्णन केले. सस्तन प्राण्यांतील वारेशी तिची तुलना केली जाते आणि ती अस्थानी नाही. फरक एवढाच की येथे वारेपर्यंत अन्न पोहोचवणारी दोऱ्यांसारखी ऊती संपूर्ण निवहातून फिरते. पिलाला वाढवणारे अन्न कोणत्या जीवकाने पकडले, हे सांगता येणार नाही. रशियन अभ्यासक आंद्रेई ओस्त्रोव्स्की यांच्या संशोधनातून असे पुढे आले आहे की, मातेकडून भ्रूणाला अन्न पुरवण्याची पद्धत या एकाच संघात अनेकदा, परस्परांपासून स्वतंत्रपणे, उत्क्रांत झाली. वारेची कल्पना सस्तन प्राण्यांची मक्तेदारी नाही.

संगोपन पोषणापाशी थांबत नाही. बुग्युला नेरिटिनाचा डिंभ आकाराने मोठा असून तो दिवसाउजेडी बाहेर पडतो. माशांना तो सहज दिसावा. तरीही मासे त्याला तोंडात घेऊन थुंकून टाकतात. याचे कारण ब्रायोस्टॅटिन नावाची द्रव्ये. ही द्रव्ये बुग्युलाच्या शरीरात राहणारे सहजीवी जिवाणू तयार करतात, असे पुराव्यांवरून दिसते, आणि माता ते जिवाणू डिंभाबरोबर धाडते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोपॅनिक व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, डिंभाला माशांपासून वाचवणारे हेच संरक्षण असल्याचे दाखवण्यात आले. कर्करोगावरील संभाव्य औषध म्हणून ब्रायोस्टॅटिनचा अभ्यास त्याआधीपासूनच चालू होता. प्रयोगशाळांना हवी असलेली ही द्रव्ये समुद्रात पिलांच्या रक्षणासाठी खर्च होतात, हे नंतर कळले.

डिंभ स्वतः अन्न खात नाही. काही तासांतच त्याला चिकटण्याची जागा शोधावी लागते. जितका अधिक वेळ तो पोहेल, तितकी शिदोरी संपते आणि त्यापासून होणारा निवह दुबळा निघतो. डस्टिन मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात केलेल्या प्रयोगांत मोठ्या डिंभापासून झालेले निवह लहान डिंभापासून झालेल्या निवहांपेक्षा सरस ठरले. मग माता सर्वच डिंभ मोठे का करत नाही? कारण मोठा डिंभ म्हणजे कमी डिंभ. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे दिसले की, भोवती आपल्याच जातीची दाटी असेल तर निवह मोठे आणि दूर जाऊ शकणारे डिंभ तयार करतो. चेतासंस्थेचे केंद्र नसलेला, डोळे नसलेला हा प्राणी परिस्थितीनुसार पिलांवरचा खर्च बदलतो. या बदलाला 'निर्णय' म्हणावे की नाही यावर वाद होऊ शकेल. परिणाम मात्र निर्णयासारखाच आहे.

एका अंड्याची शंभर पिले

ब्रायोझोआतीलच सायक्लोस्टोम गणात याहून गूढ प्रकार आढळतो. (जबडाहीन पृष्ठवंशींच्या सायक्लोस्टोम या नावाशी याची गल्लत होऊ नये, दोन्हींचा संबंध केवळ नावापुरता आहे.) १८९३ मध्ये केंब्रिजचे सिडनी हार्मर यांनी क्रिसिया या प्राण्याचे निरीक्षण करून लिहिले की, तेथे एकाच फलित अंड्याचे विभाजन होऊन शंभराहून अधिक भ्रूण तयार होतात. यासाठी निवहातील एक जीवक फुगून मोठ्या कोठीसारखा होतो आणि ही सर्व जुळी भावंडे तेथे पोसली जातात. २००५ मध्ये जनुकीय तपासणीने या बहुभ्रूणतेस दुजोरा मिळाला.

कोडे असे आहे. लैंगिक प्रजननाचा लाभ पिलांतील विविधतेत आहे असे मानले, तर एकाच नव्या, समुद्रात अद्याप पारख न झालेल्या जनुकसंचाच्या शंभर प्रती काढण्यात शहाणपण कोणते? शेतकऱ्याने एकही हंगाम न पाहता नव्या बियाण्याने सारे शेत पेरण्यासारखे हे आहे. एक सुचवलेले उत्तर असे की, शुक्राणू दुर्मीळ असतील तर मिळालेल्या एकाच फलनाचा पुरेपूर उपयोग करून घेणे हिताचे ठरते. उत्तर पटण्याजोगे आहे, परंतु एवढ्याने कोडे पूर्ण सुटत नाही. कारण शुक्राणूंची टंचाई इतर ब्रायोझोआंनाही भेडसावू शकते, आणि त्यांनी हा मार्ग धरलेला नाही.

आठवड्याचे पालक

पालक कोण, या मूळ प्रश्नाला सर्वांत तीव्र रूप येते ते निवही ॲसिडियन प्राण्यांत. बॉट्रिलस श्लोसेरी हा पृष्ठवंशींचा दूरचा आप्त दगडांवर व जहाजांवर ताऱ्यांच्या आकाराचे मऊ थर पसरतो. ताऱ्याची प्रत्येक पाकळी म्हणजे एक जीवक. सर्व जीवक एकाच पारदर्शक कंचुकात रुतलेले आणि एकाच रक्ताभिसरणाने जोडलेले असतात.

या जीवकाचे आयुष्य जेमतेम आठवड्याचे असते. १८ ते २० अंश सेल्सिअस तापमानात साधारण दर आठवड्याला निवहातील सर्व प्रौढ जीवक एकाच वेळी मरतात. त्यांच्या पेशी विरघळवून शोषल्या जातात आणि त्या पोषकद्रव्यांवर वाढलेल्या मुकुलांची पिढी एका दिवसात त्यांची जागा घेते. भ्रूणाची वाढ या मुदतीत बसवावी लागते. नव्या पिढीचे जीवक उघडताच अंडी फलनास तयार असतात, त्याच जीवकाचे शुक्राणू मात्र काहीशा उशिरा पक्व होतात, त्यामुळे स्वफलन टळते. पाच-सहा दिवसांत भ्रूणाचा शेपटीयुक्त डिंभ होतो आणि माता-जीवक विरघळण्यापूर्वी तो बाहेर पडतो. अंडे मात्र मातेहून जुने असते. एका पिढीत तयार होऊ लागलेले अंडे रक्तवाहिन्यांतून पुढच्या पिढीकडे जाते आणि अनेक पिढ्यांनंतर पक्व होते. माता-जीवक हा एका दीर्घ संगोपनातला शेवटचा टप्पा असतो.

याच कुळातील बॉट्रिलॉइडिस व्हायोलेशियस या जातीने ही मुदतही झुगारून दिली आहे. तिचा भ्रूण पूर्ण वाढण्यास सुमारे एक महिना लागतो, आणि ज्या जीवकात फलन झाले तो तर आठवड्याभरात नाहीसा होतो. भ्रूण एका पिशवीत कंचुकातच राहतो. पिशवीभोवतीच्या रक्तातून त्याला अन्न मिळत राहते. आणि त्याला पोसणाऱ्या जीवकांच्या पिढ्यांमागून पिढ्या बदलतात. शेवटी बाहेर पडणारा डिंभ बॉट्रिलसच्या डिंभापेक्षा कितीतरी मोठा आणि अधिक विकसित असतो. माता गेल्यावर पिलाला नात्यातल्यांनी वाढवावे, असा हा प्रकार वरवर दिसतो, पण तो तसा नाही. वाढवणारे नातेवाईक नसून जनुकीय दृष्टीने तीच माता आहे. जीवक मेला, माता मेली नाही.

निवह एकच, जनुके एकच, हे गृहीतही प्रत्येक वेळी टिकत नाही. शेजारी वाढणारे दोन बॉट्रिलस निवह एकमेकांना भिडले की ते एकरूप होतात किंवा परस्परांना नाकारतात. विशिष्ट जनुकस्थानी दोघांत किमान एक प्रकार समान असेल तर मीलन होते, हे जपानचे ओका व वातानाबे यांनी १९५० च्या दशकात बॉट्रिलसच्या एका जपानी जातीत, आणि नंतर इटलीचे साबादिन यांनी बॉट्रिलस श्लोसेरीत दाखवले. हे जनुकस्थान विलक्षण विविध असल्याने मीलन सहसा आप्तांतच होते. आणि आप्त शेजारी असतात, कारण राखून वाढवलेले डिंभ फार दूर जात नाहीत. ग्रोसबर्ग व क्विन यांनी १९८६ मध्ये दाखवल्याप्रमाणे हे डिंभ चिकटतानाही आप्तांच्या जवळची जागा पसंत करतात.

मीलनानंतर दोन निवहांचे रक्त एक होते आणि त्याबरोबर जननपेशीही मिसळतात. साबादिन व झानिओलो यांनी १९७९ मध्ये नोंदवले की, अशा जोडीत एका निवहाच्या जननग्रंथीत दुसऱ्याच्या जननपेशी वाढू शकतात. पुढे स्टोनर, रिंकेविच आणि वाइसमन यांच्या अभ्यासांतून असे दिसले की, काही वंश या स्पर्धेत वारंवार विजयी होतात. शरीर एकाचे, पण पिले दुसऱ्याची. कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात अंडे घालावे त्याहून हे पुढचे पाऊल आहे, कारण येथे परके अंडे घरट्यात नव्हे, तर थेट यजमानाच्या जननग्रंथीत येते. संगोपनामुळे आप्त शेजारी येतात, शेजारामुळे मीलन होते, आणि मीलनातून संगोपनाचीच चोरी होते. परकेपणा ओळखणारी ती कडक जनुकीय यंत्रणा कशासाठी, हे या साखळीवरून ध्यानात यावे.

खडकांतील पुरावा आणि बंदरांतील प्रश्न

भ्रूणकोष्ठ चुनखडीचा असल्यामुळे ब्रायोझोआतील संगोपनाचा इतिहास जीवाश्मांत वाचता येतो, ही सोय इतर फार थोड्या गटांत आहे. कायलोस्टोम हा आजचा सर्वांत मोठा ब्रायोझोआ गण जुरासिक कल्पाच्या अखेरीस दिसू लागतो, परंतु सुमारे पाच कोटी वर्षे त्याच्या जाती तुरळकच राहतात. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशियस कल्पाच्या मध्यास, भ्रूणकोष्ठ असलेले जीवाश्म सापडू लागतात आणि त्यानंतर जातींची संख्या झपाट्याने वाढते. पॉल टेलर यांनी १९८८ मध्ये या दोन घटनांची सांगड घातली. आठवडेच्या आठवडे प्लवकांत तरंगणारा, स्वतः अन्न खाणारा डिंभ दूरवर जातो आणि त्यामुळे दूरदूरच्या समूहांत जनुकांची देवघेव चालू राहते. राखून वाढवलेला डिंभ काही तासांतच जवळपास चिकटतो. समूह एकमेकांपासून तुटतात. तुटलेल्या समूहांतून नव्या जाती होतात. संगोपनाने पिलांचा मृत्यू तर टाळलाच, परंतु पिलांना घराजवळ ठेवून जातींची संख्याही वाढवली, असा या मांडणीचा अर्थ.

मात्र घराजवळ राहणारा हाच डिंभ माणसाच्या जहाजाला चिकटला की समुद्र ओलांडतो. बुग्युला नेरिटिना व बॉट्रिलॉइडिस व्हायोलेशियस यांचा जगभरचा प्रसार डिंभांच्या पोहण्याने झालेला नाही. पोटात भ्रूण असलेले निवह जहाजांच्या तळाला चिकटून गेले. याला आळा घालण्यासाठी जहाजांना तांबेयुक्त रंग लावतात. मार्शल यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बुग्युला नेरिटिनाच्या भ्रूण वागवणाऱ्या निवहांना तांब्याच्या सान्निध्यात ठेवले असता, त्यांनी सोडलेले डिंभ अधिक मोठे, अधिक दूर जाणारे आणि तांब्याला अधिक तोंड देणारे निघाले. ही तयारी पुढील आयुष्यात प्रत्येक परिस्थितीत फायद्याची ठरली नाही, तरी बंदरातल्या पाण्यात पहिल्या काही तासांचेच महत्त्व मोठे असते. स्वच्छ पाण्यातून आणलेल्या निवहांच्या डिंभांवर एखादा रंग परिणामकारक ठरला, म्हणून तो तांब्याने भारलेल्या बंदरात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या निवहांच्या डिंभांवरही तितकाच परिणाम करील असे धरून चालता येत नाही. अशा चाचण्यांच्या नोंदीत डिंभाच्या जातीबरोबर त्याची माता कोणत्या पाण्यात वाढली होती, हा एक रकाना वाढवणे आवश्यक ठरते.